रजिस्टरमधली लाल रेघ

डिसेंबरच्या मध्यापासून आमच्या मिशन कंपाउंडमध्ये रोज रात्री कॅरलची फेरी निघते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पेटी, ढोलकी, खंजिरी, मागं पोरासोरांचा घोळका, प्रत्येक घरापुढं उभं राहून दोन गाणी म्हणायची, छोटी प्रार्थना करायची आणि त्या घरचा चहा नाहीतर करंजी खाऊन पुढच्या घरी जायचं. मी अगदी लहान असल्यापासून या फेरीत आहे. पण २०१३ पासून असं व्हायला लागलं की फेरी दुसऱ्या गल्लीच्या कोपऱ्यावर आली की ढोलकी थांबायची, कोणी कोणाला सांगायचं नाही, आपोआपच थांबायची, आणि चार घरं मागं पडली की पुन्हा सुरू व्हायची. त्या चार घरांतलं दुसरं घर माझ्या काकांचं. सख्खे काका, पप्पांच्या पाठचे. खिडकीत लाईट असायचा, पडद्यामागं काकू उभी असल्याचं दिसायचं, आणि मी खाली मान घालून चालत राहायचे. असे बारा नाताळ.

हे सगळं लिहू की नको असा बरेच दिवस विचार चालला होता. पप्पांना विचारलं, ते म्हणाले लिही, फक्त मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चचं, नाव घालू नको. काकांनाही विचारलं, ते म्हणाले तुला काय लिहायचं ते लिही. म्हणून लिहिते.

भांडण कशावरून झालं ते थोडक्यात सांगते, कारण प्रत्येक मंडळीत ते तेच असतं. मंडळीच्या कमिटीची निवडणूक, हॉलच्या भाड्याचा हिशेब, आणि जुन्या जागेचं काय करायचं. पप्पा खजिनदार होते. भरलेल्या सर्वसाधारण सभेत काका उभे राहिले आणि म्हणाले, १८,४०० रुपयांचा मेळ लागत नाही, कुठं गेले ते खजिनदारांनी सांगावं. सख्खा भाऊ सगळ्यांसमोर असं म्हणतोय, हे पप्पांना सहन झालं नाही. दोन महिन्यांत मंडळी फुटली, चाळीसेक कुटुंबं काकांबरोबर गेली आणि एका शाळेच्या वर्गात त्यांची वेगळी उपासना सुरू झाली. "थोड्या दिवसांची सोय आहे" असं तेव्हा दोन्ही बाजूचे लोक म्हणत होते. हे वाक्य लक्षात ठेवा, मी पुढं त्याच्यावर येणार आहे.

फुटल्यावर वस्तूंची वाटणी झाली नाही, ज्याच्याकडं जे होतं ते त्याच्याकडं राहिलं. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेतात त्या विधीचा, चाळीस भोकांचा ट्रे आणि त्याचं झाकण आमच्या वेस्ट्रीत, चर्चच्या सामानाच्या खोलीत होतं, ते आमच्याकडं राहिलं. ते चाळीस छोटे काचेचे ग्लास मात्र त्या आठवड्यात काकू घरी धुवायला घेऊन गेली होती, महिला मंडळात तिची पाळी होती म्हणून. ते तिच्याकडंच राहिले. मग आमच्या बाजूला "ग्लास चोरले" असं सुरू झालं, आणि आम्ही स्टीलच्या ताटात प्लॅस्टिकचे ग्लास ठेवून प्रभुभोजन घ्यायला लागलो. रिकामा ट्रे कपाटात पडून.

आता मुळात मला जे सांगायचंय त्याच्याकडं वळते. दर वर्षी १८ ते २५ जानेवारी हा जगातल्या बहुतेक देशांत ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह असतो. १९०८ साली अमेरिकेत पॉल वॉटसन नावाच्या धर्मगुरूंनी तो सुरू केला, आणि २५ तारीख म्हणजे पौलाच्या परिवर्तनाचा सण, म्हणून तिथं तो संपतो. आपल्या सोलापुरात तेव्हा गड्ड्याची यात्रा चालू असते, सगळं गाव होम मैदानाकडं निघालेलं असतं, आणि शेजारच्या घरांतून आलेला तिळगूळ अजून डब्यात शिल्लक असतो. आमच्या शेजारच्या मावशी दर संक्रांतीला आमच्याकडं तिळगूळ देऊन मग काकांकडं जायच्या, दोन्हीकडं तेच म्हणायच्या, गोड बोला. ख्रिस्ती नसलेली बाई दोन्ही घरांत जाऊ शकत होती, आणि आम्ही एकाच बापाचं नाव घेऊन प्रार्थना करणारे जाऊ शकत नव्हतो. ही गोष्ट मला दर जानेवारीत टोचायची, नुसतीच टोचायची, मी काही केलं नाही हेही खरं.

२०२५ च्या त्या सप्ताहात गावातल्या वेगवेगळ्या मंडळ्यांनी मिळून एक संध्याकाळ ठरवली. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे, कॅथलिक फादर, पेंटेकॉस्टल पास्टर, सगळे. मी शाळेत शिकवते, बोलायची सवय आहे, म्हणून मला दहा मिनिटं दिली, विषय ऐक्य. त्या वर्षी नायसियाच्या परिषदेला, म्हणजे बिशपांच्या जुन्या मोठ्या सभेला, १७०० वर्षं होत होती, ती ३२५ साली झाली, आपण उपासनेत जो विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते, म्हणतो त्यातला नायसियाचा तिथूनच आला, आणि योगायोगानं २०२५ ला पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा आणि बाकीच्यांचा ईस्टर एकाच दिवशी, २० एप्रिलला येत होता. एरवी दोन्ही कॅलेंडरं वेगळी असल्यामुळं बहुतेक वर्षी तारखा जुळत नाहीत. सप्ताहाचं वचन होतं योहान अकराव्या अध्यायातलं, लाजार मेल्यावर येशू त्याच्या बहिणीला, मार्थेला विचारतो तो प्रश्न, तू हे खरं मानतेस काय? मी वही घेऊन तयारीला बसले.

पहिल्यांदा मी आपलाच इतिहास काढला, आणि मला जे कळलं ते प्रत्येक ख्रिस्ती घरात माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आपण एकमेकांना विचारतो ना, तुमचे कुठले, अमेरिकन मिशनचे का प्रेस्बिटेरियन का मेथडिस्ट का अँग्लिकन, तर हे आपल्या पणजोबांनी वाचून, विचार करून निवडलेलं नव्हतं. अमेरिकन मराठी मिशन १८१३ ला मुंबईत आलं, १८३१ ला अहमदनगरला गेलं, आणि तिथून सोलापूरकडं आलं, ते काँग्रिगेशनल पंथाचं. कोल्हापूर, सांगली, मिरज हा पट्टा अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचा, मिरजेला १८९४ ला डॉ. वानलेसनी दवाखाना काढला तो त्यांच्याच मिशनचा. पुणे, जालना भागात स्कॉटिश मिशन. एकाच्या भागात दुसऱ्यानं काम करायचं नाही असा मिशनांनी आपसात समजूतदारपणा ठेवलेला होता. म्हणजे तुमचं गाव नकाशावर कुठल्या बाजूला पडतं यावरून तुमचा पंथ ठरला. पणजोबा चार तालुके खाली जन्मले असते तर मी दुसऱ्याच नावानं वाढले असते आणि तेच कसं बरोबर आहे हे आज भांडून सांगत असते.

हे फक्त माझं म्हणणं नाही. तेलंगणातल्या दोर्नाकलचे अझरया, हे तमिळ, पुढं पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले, त्यांनी १९१० मध्ये एडिंबर्गच्या जागतिक मिशनरी परिषदेत सगळ्या गोऱ्या मिशनऱ्यांसमोर उभं राहून सांगितलं की तुम्ही गरिबांना अन्न दिलंत, स्वतःची शरीरंही दिलीत, पण आम्ही प्रेमही मागतो, आम्हाला मित्र द्या. आणि १९१९ मध्ये तमिळनाडूतल्या त्रांकेबारला भारतीय पाळक जमले, अझरया त्यांच्यात होते, त्यांनी लिहून ठेवलं की हे भेद आम्ही निर्माण केलेले नाहीत, ते बाहेरून आमच्यावर लादले गेलेत आणि ते पुढं चालवायची आमची इच्छा नाही. त्यातून २७ सप्टेंबर १९४७ ला दक्षिण भारतातली मंडळी एक झाली, स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांत, जेव्हा देशाची फाळणी चालू होती. आपल्याकडं उत्तरेत बोलणी १९२९ ला सुरू झाली आणि सहा मंडळ्या एक व्हायला २९ नोव्हेंबर १९७० उजाडला, नागपूरला. एक्केचाळीस वर्षं! जे बोलणीला पहिल्यांदा बसले त्यांतले कितीतरी तो दिवस बघायला नव्हते. आणि शेवटच्या क्षणी अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट बाहेरच राहिले. पण जे झालं तेही मोठं होतं, बाळाला पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणी पाण्यात बुडवून देणारे, दोघं एका मंडळीत आले आणि दोन्ही पद्धती चालतील असं ठरलं. ज्या मुद्द्यावर आजही आमच्या कॉटेज प्रार्थनेत, म्हणजे घरोघरी होणाऱ्या प्रार्थनेत, आवाज चढतात तो मुद्दा त्यांनी तेव्हाच असा सोडवलेला आहे, एकमेकांना खोटं न ठरवता.

इथं एक गोष्ट बाजूला सांगते, कारण ती लपवून ऐक्यावर बोलणं मला जमणार नाही. बाहेरून आलेले भेद एकीकडं, पण आपण स्वतः आणलेलेही आहेत. स्थळ बघायला गेलं की आजही हळू आवाजात विचारतात, माणसं मूळची कुठली, आणि हा प्रश्न गावाबद्दल नसतो हे विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांना कळतं. बाप्तिस्मा घेऊन पाच पिढ्या झाल्या तरी जात दाराशी उभीच आहे. याला मिशनरी जबाबदार नाहीत, आपण आहोत.

मग तयारी करता करता मी दक्षिण आफ्रिकेवर आले आणि तिथं मला थांबावं लागलं.

१८५७ ची गोष्ट. केप प्रांतातल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडपुढं, म्हणजे मुख्य सभेपुढं, प्रश्न आला की गोरे आणि काळे विश्वासणारे एकत्र प्रभुभोजन घेतात ते काही गोऱ्यांना चालत नाही, काय करायचं. सिनडनं ठरवलं, एकत्र घेणं हेच वचनाप्रमाणं बरोबर आहे, पण काहींच्या दुर्बळतेमुळं वेगळी उपासना ठेवायला हरकत नाही. बघा, बरोबर काय आहे ते त्यांना माहीत होतं, ते त्यांनी ठरावात लिहिलंही, आणि खाली सोय करून दिली. १८८१ ला त्या सोयीचं वेगळं मिशन चर्च झालं, मिश्र वंशाच्या लोकांसाठी. आणि पुढच्या शतकात तेच डच रिफॉर्म्ड चर्च वर्णभेदाच्या कायद्यांना बायबलमधून आधार काढून देत होतं.

थोड्या दिवसांची सोय. मी वही मिटली. शाळेच्या त्या वर्गात भरणाऱ्या काकांकडच्या उपासनेला आता बारा वर्षं झाली होती, त्यांचे स्वतःचे बेंच झाले होते, स्वतःचा पाळक, स्वतःचं रजिस्टर. जी मुलं तिथं संडे स्कूलला जातात त्यांना आमची मंडळी म्हणजे "ते लोक".

त्याच आफ्रिकेतली दुसरी गोष्ट. नोव्हेंबर १९९०, रुस्टेनबर्ग नावाच्या गावात सगळ्या चर्चच्या पुढाऱ्यांची परिषद होती. विली योंकर नावाचे डच रिफॉर्म्ड चर्चचे प्राध्यापक बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, मी तुमच्यापुढं आणि प्रभूपुढं कबूल करतो, माझं स्वतःचं पाप, आणि माझ्या चर्चच्या वतीनंही. केपटाउनचे काळे आर्चबिशप डेस्मंड टुटू उठून पुढं आले आणि म्हणाले की कबुली दिली जाते तेव्हा ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी क्षमा केली म्हणायला पाहिजे. मला यात सगळ्यात जास्त काय लागलं तर योंकरनी "आपल्या सगळ्यांच्याच चुका झाल्या" असं म्हटलं नाही. आपल्याकडं हे वाक्य फार चालतं, दोन्हीकडून चुका झाल्या, जाऊ दे झालं ते झालं, आता प्रार्थना करून विसरू. त्यानं कोणाचंच काही कबूल होत नाही.

त्या रात्री जेवताना मी हे पप्पांना सांगितलं. भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी, रोजचं जेवण, मी त्यांना टोमणा मारायला सांगत नव्हते, खरंच नाही, मला भाषणात हे कसं बसवायचं ते कळत नव्हतं म्हणून बोलत होते. पप्पा काही बोलले नाहीत. ताटात हात धुतला आणि उठून गेले.

कार्यक्रम चांगला झाला. तेलुगू बंधूंनी गायलेलं गाणं अजून कानात आहे, फादरनी आणि पेंटेकॉस्टल पास्टरनी शेजारी उभं राहून आशीर्वाद दिला, एक जण "प्रेज द लॉर्ड" म्हणाला, एक "जय येशू", आमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी जुन्या पद्धतीनं "सलाम" केला आणि कोणाला काही वेगळं वाटलं नाही. मी माझी दहा मिनिटं बोलले. आफ्रिकेचा भाग मी गाळला. हॉलमध्ये मागच्या रांगेत काकांकडची चारपाच माणसं बसलेली मला स्टेजवरून दिसत होती आणि मला ते म्हणायचं धाडस झालं नाही. मार्थेला विचारलेला प्रश्न मी मोठ्यानं वाचला आणि माझ्याच आवाजानं मला कसंतरी झालं.

पाचसहा दिवसांनी पप्पा सकाळी म्हणाले, मंडळीचं जुनं रजिस्टर कुठंय गं, वेस्ट्रीच्या कपाटात का माळ्यावर. मी म्हटलं कशाला. म्हणाले, चल.

रजिस्टर सापडलं कपाटात, त्या रिकाम्या ट्रेच्या खाली. निळ्या कापडी पुठ्ठ्याचं, कडेला वाळवी लागलेली. पप्पांनी पान काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. काकांचं नाव, काकूचं, दोन्ही मुलांची. त्यावर पट्टी ठेवून मारलेली सरळ लाल रेघ, शेजारी लिहिलेलं, "नाव कमी केले", तारीख, आणि खाली पप्पांची सही. पप्पा बँकेत कॅशियर होते, त्यांचं अक्षर आणि त्यांची रेघ कुठंही ओळखू येते.

मला तारीख बघून पोटात गोळा आला. ताईच्या, म्हणजे काकांच्या मोठ्या मुलीच्या लग्नाच्या बरोबर आठ दिवस आधीची तारीख होती ती. ताईचं लग्न त्याच चर्चमध्ये ठरलं होतं जिथं आजीआजोबांचं झालं, पप्पांचं झालं, काकांचंही झालं. लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार वाचतात ती लग्नाची सूचना दोन रविवार वाचून झाली होती, तिसरी राहिली होती. सभासद नाहीत म्हणून ती वाचली गेली नाही. लग्न मग एका मंगल कार्यालयात झालं. आम्ही गेलो नाही. मला इतकी वर्षं असं सांगितलेलं होतं आणि मी ते मानलंही होतं की काकांनीच स्वतःहून नाव काढून घेतलं.

पप्पांनी त्या पानाची झेरॉक्स काढायला लावली, घडी करून खिशात ठेवली आणि आम्ही दोघं काकांकडं गेलो. तीनशे पावलं असतील. दार काकूनं उघडलं. काका आत खुर्चीवर पेपर वाचत होते, त्यांनी वर बघितलं आणि कोणीच काही बोललं नाही. मग काका म्हणाले, "बस की."

पप्पा बसले नाहीत. कागद काढला, टीपॉयवर उलगडून ठेवला आणि म्हणाले, "हे मी केलेलं हाय. पोरीच्या लग्नाच्या आठ दिवस आधी. चुकून झालं म्हणून सांगायला आलो नाही. मुद्दाम केलं. तुला लागावं म्हणून केलं."

काकांनी कागद हातात घेतला, चष्मा वर करून बघितला, परत ठेवला. बराच वेळ गेला. काकूनं चहा आणला, आम्ही प्यायलो. काका शेवटी एवढंच म्हणाले, "हौ. लागलं." मिठी वगैरे काही झाली नाही. रडणं झालं ते माझं आणि काकूचं, स्वयंपाकघरात. निघताना काका दारापर्यंत आले, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा पप्पांच्या चपलेकडं बघून म्हणाले, "अंगठा तुटायलाय बघ, शिवून घे."

मला वाटलं झालं, समेट झाला. तसं नव्हतं. खरं अवघड तिथून पुढं होतं, आणि ते मला ताईनं शिकवलं.

ताई पुण्याला असते. काकूनं फोन करून तिला सांगितलं, तिला आनंद होईल म्हणून. ताईनं मला फोन केला आणि तिचा आवाज थंड होता. म्हणाली, "दोघं भाऊ चहा प्यायले, छान झालं. लग्न कोणाचं होतं? मला कोणी विचारलं का?" मी गप्प. ती म्हणाली, "तिसऱ्या रविवारी मी तिथं बसले होते. माझं नाव वाचतील म्हणून बसले होते. पुढची सूचना वाचली महिला मंडळाच्या सहलीची."

हे मी आजवर विसरू शकले नाही, म्हणून इथं लिहिते. आपल्याकडं समेट म्हणजे दोन कर्ती माणसं भेटली, हात मिळवले, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. ज्याला लागलं ते माणूस खोलीतच नसतं. पप्पांनी काकांना कबुली दिली ती खरी होती, पण जिचा दिवस गेला तिची क्षमा काका देऊ शकत नव्हते. मोठ्या पातळीवरही मला आता हेच दिसतं. १०५४ साली रोम आणि कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चनी एकमेकांवर घातलेले बहिष्कार ७ डिसेंबर १९६५ ला पोप सहावे पॉल आणि कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स मुख्य धर्मगुरू अथेनागोरास यांनी मागं घेतले, ९११ वर्षांनी, आणि तो केवढा मोठा दिवस होता. पण त्या पोपना तेवढ्यानं भागलं असं वाटलं नसावं. बरोबर दहा वर्षांनी, डिसेंबर १९७५ मध्ये, सिस्टीन चॅपेलमध्ये ते ऑर्थोडॉक्सांच्या प्रतिनिधीपुढं, मेट्रोपॉलिटन मेलिटन यांच्यापुढं, अचानक गुडघ्यावर बसले आणि त्यांच्या पायांचं चुंबन घेतलं. म्हाताऱ्या पोपनं, सगळ्यांसमोर, कोणालाही आधी न सांगता. कागदावर सह्या होऊन दहा वर्षं झाल्यावर त्यांना खाली बसावंसं वाटलं, हे मला फार काही सांगून जातं.

पप्पा मार्चमध्ये पुण्याला गेले, एकटे, एसटीनं. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परत आल्यावर एवढंच म्हणाले की ताईनं दोन गोष्टी मागितल्यात. तिचं लग्न मंडळीच्या रजिस्टरमध्ये तारखेसकट लिहावं. आणि ती लाल रेघ खोडू नये, पांढरी शाई लावू नये, पान फाडू नये. ती रेघ तशीच राहू दे, खाली काय ते लिहा. आमच्या कमिटीत यावरून दोन मीटिंगा गेल्या, काहींचं म्हणणं होतं की नवीन रजिस्टर करू, जुनं कशाला उगाळायचं. पप्पा उभे राहून म्हणाले, रेघ माझी आहे, ती दिसू द्या. शेवटी त्याच पानावर खाली लिहिलं गेलं, की वरील नावे अन्यायाने कमी केली होती, आणि खाली पप्पांची सही, काळ्या शाईत.

१८,४०० रुपयांचं काय, तर काका त्याबद्दल अजून काही बोललेले नाहीत. मला ते खुपतं, खरं सांगते, कारण पप्पांनी एक पैसा खाल्लेला नाही हे मला माहीत आहे. मी एकदा पप्पांना म्हटलंही, त्यांनी पण कबूल करायला नको का. पप्पा म्हणाले, वचनात काय आहे, वेदीपाशी दान आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. "त्याच्या मनात माझ्याविरुद्ध, असं आहे ते. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे ते नाही." मी ते वचन शंभर वेळा वाचलेलं आहे आणि मला ते कधी असं दिसलं नव्हतं.

मंडळ्या अजून दोन आहेत. एक होतील का, कधी होतील, नागपूरसारखं एक्केचाळीस वर्षं लागतील का, मला सांगता येत नाही. त्यांच्या पाळकांचं पोट त्या मंडळीवर आहे, आमच्यातल्या काहींच्या मनात अजून राग आहे, जागेची केस चालूच आहे. पण २० एप्रिलच्या ईस्टरची पहाटेची उपासना आम्ही एकत्र घेतली, कबरस्तानात, जशी पूर्वी घ्यायचो, कारण तिथं दोन्हीकडची माणसं एकाच मातीत आहेत, आजीआजोबा आहेत. ताई आली होती, तिच्या मुलीला घेऊन. पप्पांपासून जरा लांब उभी होती. पण आली होती.

त्यानंतर ठरलं की दर तीन महिन्यांनी एकदा प्रभुभोजन एकत्र घ्यायचं, एकदा इकडं, एकदा तिकडं. जूनच्या पहिल्या रविवारी आमच्याकडं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी काकू आली, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला पुठ्ठ्याचा खोका. प्रत्येक ग्लास वेगळा पेपरात गुंडाळलेला. त्यांनी तिकडं ते कधीच वापरले नव्हते, तेही प्लॅस्टिकचेच वापरत होते. काकू म्हणाली, दर वर्षी गुड फ्रायडेच्या आधी काढून धुऊन ठेवायचे, कधी मागतील म्हणून.

आम्ही दोघींनी वेस्ट्रीत बसून ते मोजले. छत्तीस निघाले. चार या बारा वर्षांत फुटले होते, एक नातवानं फोडला, बाकीचे धुताना. काकूला फार वाईट वाटत होतं, परत परत सांगत होती कुठला कसा फुटला. मी नव्या पेठेत जाऊन चार ग्लास आणले, अगदी तसे कुठं मिळाले नाहीत, मिळाले ते पाव इंचानं उंच. ट्रेमध्ये चाळीसच्या चाळीस बसले. झाकण मात्र एका बाजूनं थोडं वर राहतं, सकाळी काकूनं ते दोनदा दाबून बघितलं आणि तसंच ठेवलं.